पणिक्करांची तार

२ ऑक्टोबर १९५०. पेकिंगमधले भारताचे राजदूत कवळम माधव पणिक्कर झोपले होते. मध्यरात्री त्यांना उठवण्यात आलं. चिनी परराष्ट्र खात्याचा आशिया विभागप्रमुख निरोप घेऊन आला होता : पंतप्रधान चौ एन-लाय यांनी साडेबाराला भेटायला बोलावलंय.

चहा झाला, दोन-चार उपचाराची वाक्यं झाली आणि चौ मुद्द्यावर आले. अमेरिकी फौजांनी उत्तर आणि दक्षिण कोरियामधला ३८ वा अक्षांश ओलांडला, तर चीन कोरियाच्या युद्धात उतरेल. दक्षिण कोरियाचं सैन्य आलं तर त्याचं एवढं काही नाही. दीडच्या सुमारास पणिक्कर परतले, तेव्हा फर्स्ट सेक्रेटरी आणि सांकेतिक लिपीचा जाणकार कर्मचारी ताटकळत बसले होते. दहा मिनिटांच्या आत तार दिल्लीकडे निघाली.

निरोप होता अमेरिकेसाठी. पण अमेरिकेची नव्या कम्युनिस्ट चीनला मान्यताच नव्हती, मग पेकिंगमध्ये तिचा राजदूत कुठून असणार? भारताने ३० डिसेंबर १९४९ लाच मान्यता दिली होती. पणिक्कर त्याआधी नानकिंगमध्ये चँग कै-शेकच्या सरकारकडेही राजदूत होते. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजवटी त्यांनी जवळून पाहिलेल्या. त्याहीआधी ते बिकानेरचे दिवाण होते, त्यामुळे दरबारी बोलण्यातला गर्भितार्थ ओळखण्याची सवय जुनी. (आपल्याकडे हे नाव वेगळ्याच कारणाने गाजलं. संयुक्त महाराष्ट्राऐवजी द्वैभाषिक मुंबई राज्याची शिफारस करणाऱ्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांपैकी हे एक!)

तार दिल्लीहून लंडनमार्गे वॉशिंग्टनला पोचली. तिथे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी ती घाबरट पणिक्करांची बडबड ठरवली. चीनच्या बाजूने झुकलेला माणूस, तो चीनच्याच धमक्या पोचवणार, असा हिशेब. आठवडाभरात अमेरिकी सैन्य अक्षांशापलीकडे गेलं. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर कोरियातल्या फौजांचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी अध्यक्ष ट्रुमनना सांगितलं की, चीन उतरण्याची शक्यता फारच कमी. चारच दिवसांनी चिनी फौजा कोरियाच्या सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या.

अ‍ॅचेसनना नुसतं मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण पणिक्करांबद्दलची शंका दिल्लीतही होती. त्याच ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरलं आणि ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना पत्र लिहिलं : आपले राजदूत चिनी धोरणाचं समर्थन शोधण्यासाठी फारच कष्ट घेताहेत. तिबेटबाबत पटेलांची तक्रार मला रास्त वाटते. कोरियाबाबत मात्र पणिक्करांनी ऐकलं तेच कळवलं, आणि ते खरं ठरलं.

यजमानांच्या इतक्या जवळ गेल्याशिवाय मध्यरात्री बोलावणं येत नाही. आणि इतक्या जवळ गेलेल्याची तार वाचताना मायदेशातला कारकूनही मनात थोडी वजावट करतो. पणिक्कर १९५२ पर्यंत पेकिंगमध्ये होते. नंतर त्यांची नेमणूक कैरोला झाली.