कनातीमागचा तमाशा

दुपार कलली की तमाशाच्या फडाचे ट्रक गावाबाहेरच्या मैदानात शिरतात. आदल्या रात्रीचा खेळ दुसऱ्याच गावी झालेला असतो. तो संपल्यावर सगळं सामान गुंडाळून, ट्रकमध्ये भरून, जमेल तशी झोप काढत ही माणसं इथवर आलेली असतात. आता पहिल्यांदा कामाला लागतात ते बिगारी. खुंट ठोकायचे, कनात ताणायची, लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून बोर्ड, म्हणजे रंगमंच, उभा करायचा, स्पीकर चढवायचे, जनरेटर लावून दिवे बघायचे. रात्री यांतलाच कुणी दारावर तिकिटं फाडतो, तर कुणी वगातल्या, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यातल्या, राजामागे भाला धरून उभा राहतो.

ढोलकीफडाचा तमाशा हे महाराष्ट्राचं फिरतं संगीत नाटक आहे. मोठ्या फडात शंभर-दीडशे माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला आणि झीलकरी प्रेक्षकांना दिसतात. वायरमन, ड्रायव्हर, आचारी आणि पुढच्या गावाचं मैदान व परवानग्या बघायला आधीच निघून गेलेला मॅनेजर दिसत नाहीत. दसऱ्याला हंगाम सुरू होतो तो बुद्धपौर्णिमेच्या सुमारास थांबतो. पावसाळ्यात सगळे आपापल्या गावी.

त्या रिकाम्या महिन्यांतच पुढच्या हंगामाचा हिशेब ठरतो. कलाकार मालकाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर ती फेडत नाचतात. मालकाकडेही रोकड नसते, तो सावकाराकडून कर्ज काढतो. सुरुवातीचे महिने कनात लावून तिकिटावर खेळ होतात, पण त्या गल्ल्यातून रोजचा खर्च निघाला तरी पुष्कळ. खरी भिस्त चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर. त्यासाठी पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या तिथे येतात, तारीख आणि रक्कम यांवर घासाघीस होते आणि सुपारी ठरते. वर्षभराचं कर्ज फिटणार की वाढणार, हे या थोड्या दिवसांत कळतं.

रात्री बोर्डामागे गर्दी असते, पण गडबड नसते. प्रत्येकीची आपली पत्र्याची पेटी. झाकण उघडून त्याला आरसा टेकवायचा, पावडर-कुंकू तिथेच. पायात घुंगरांचे पदर चढतात, ते घट्ट बसले नाहीत तर ठेका निसटतो, म्हणून बांधणं कुणी घाईत उरकत नाही. शेजारीच लहानगं पोर गोधडीत झोपलेलं असतं. हलगीवाला थोडा जाळ करून हलगी शेकतो. गारठ्यात कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. तापली की बोटाने टिचकी मारून बघायची, कान भरेपर्यंत पुन्हा शेकायची. मग गण, त्यामागून गवळण. वाट अडवणाऱ्या कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी मिशी उतरवलेला पुरुष असतो आणि गवळणीतली राधा दोन तासांनी वगातली राणी होऊन येते. शाहिराची ओळ जिथे संपते तिथून झीलकरी ती वरच्या सुरात उचलतात. ही उचलण्याची जागा कागदावर कुठेच लिहिलेली नसते, पण ती चुकत नाही.

या नाट्याचं वय आपण सहज विसरतो. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. तो १८६५च्या सुमाराचा. मराठी संगीत नाटकाची सुरुवात मानलं जाणारं अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. म्हणजे गाणं, नाच आणि सलग कथा यांचा मेळ घालणारा मराठी खेळ त्याआधी पंधरा वर्षं गावोगाव फिरत होता. तो उभा करणारे बहुतेक मांग, महार, कोल्हाटी समाजांतले होते. संगीत नाटकाच्या इतिहासात त्यांना तळटीपेपुरती जागा मिळाली, हा अन्याय आहे.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. खेळ चालू असताना त्या मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. लोक ती गोष्ट कौतुकाने सांगतात. त्या बाईच्या हिमतीला तोड नाहीच, पण भरल्या दिवसांत तिला नाचावं लागत होतं, ही गोष्टीची दुसरी बाजू आपण सांगत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेल्या विठाबाई २००२च्या जानेवारीत गेल्या, त्यांची अखेरची वर्षं हलाखीतच सरली. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड चालवला.

आजची अडचण वेळेची आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. झोपणाऱ्या माणसाच्या बाजूने हा नियम रास्तच, पण पूर्वी पहाटेपर्यंत रंगणाऱ्या खेळाला त्याने कात्री लावली. त्यात समोरून सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश होते. गण-गवळण उरकली जाते, गाण्यांवर तास जातो आणि कापला जातो तो वग. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि नायिकेचा अभिनय, म्हणजे फडाची जी खरी कमाई, ती तशीच मागे राहते.

२०२० साली देशभर टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्चला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सुपाऱ्यांचे दिवस कोरडे गेले, पुढच्या वर्षीच्या जत्राही बुडाल्या. कर्ज मात्र थांबलं नाही. काही फड त्यातून उठलेच नाहीत. संगमनेरच्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकर मे २०२१मध्ये करोनाने गेल्या. उरलेले फड पुन्हा ट्रक भरून निघाले आहेत.

या फडांचा वग टिकावा म्हणून जत्रा कमिट्यांना एक विनंती. सुपारी ठरवताना रकमेबरोबर वगाचंही बोला. कोणता वग आहे ते विचारा, खेळ दिवस मावळताच सुरू करा, गाण्यांच्या फर्माइशी आवरा आणि वग शेवटापर्यंत होऊ द्या. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.