कळकलेली तार

गेल्या वर्षी लेकीकडे ऑकलंडला तीन महिने राहून आले. तिथे तिला नवाच छंद जडलाय. रविवारी कायाक, म्हणजे एका माणसापुरती अरुंद वल्ह्याची होडी, घेऊन एकटीच समुद्रात मासे धरायला जाते. माझा जीव इकडे टांगणीला! पुढ्यात छोटा पडदा. त्यावर पाणी किती खोल, मासे कुठे ते दिसतं. त्याची १२ व्होल्टची बॅटरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात.

एकदा पडदा मध्येच बंद पडला. डबा उघडला तर आत पाण्याचा टिपूस नाही, पण तांब्याची तार हिरवी पडलेली. तारेचं भोक लेकीने सिलिकॉनने बुजवलं होतं. मी ट्यूब हुंगली, तर चक्क व्हिनेगरचा वास!

"अगं, पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, तसं झालंय हे."

"आई, तुझं काहीतरीच!"

पण दुकानदारानेही तेच सांगितलं. हे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते तांब्याला खातं. तारांसाठी बिनआम्लाचं, 'न्यूट्रल' घ्यायचं.

तार बदलली, नवं सिलिकॉन २४ तास सुकू दिलं. मग डब्यात बॅटरीऐवजी दगड न् टिश्यू पेपर घालून डबा बाथटबमध्ये बुडवला. तासाभराने कागद कोरडा! बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी फ्यूजही बसवून घेतला. चार्ज करताना मात्र झाकण उघडं, आत गॅस साठायला नको.

पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावरच बसून राहिले. दुपारी दोन स्नॅपर घेऊन आली. साफ अर्थातच मला करायला लावले.