लकडी पुलात लाकूड शोधू नये



आयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "सर, यंदा पुण्याच्या गमतीजमतींवर बोला. जरा हलकंफुलकं." चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हलकंफुलकं बोलायला सांगणं म्हणजे लोहाराकडे नथ घडवायला देणं. पण मी हो म्हणालो. कारण या शहरातल्या एका गमतीनं मला आयुष्यात एकदा चांगलंच घाबरवलेलं आहे. ती हकिगत शेवटी सांगतो.

पुण्याची गंमत म्हटली की लोक आधी पाट्यांकडे वळतात, नाहीतर दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांकडे. त्यावर आज एक शब्दही बोलणार नाही. पाट्यांवर बोलणाऱ्यांनी आता नुसत्या पाट्या टाकायला सुरुवात केली आहे. (हशा) मी बोलणार आहे नावांवर. रोज तोंडात असतात म्हणून ज्यांच्याकडे आपण कधी बघत नाही, ती नावं.

एखादा पाहुणा पहिल्यांदा पुण्यात आलाय आणि त्याला मराठी उत्तम येतं अशी कल्पना करा. मराठी येतं हीच त्याची अडचण! तो लकडी पुलावर उभा राहतो आणि लाकूड शोधतो. लाकडाची ढलपीसुद्धा नाही. तुळशीबागेत जातो, तर तिथे कानातली, भांडीकुंडी, पर्स, बाग नाही. बेलबाग, हिराबाग, तिथेही तेच. स्वारगेटला ना स्वार, ना गेट. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जातो, तर तळं नाही. नळ स्टॉपला नळ नाही. कॅम्पात कुणी सांगतं, लाल देवळापाशी उतरा. उतरून बघतो तर ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं. लाल मात्र आहे. चला, निदान अर्धं नाव तरी खरं निघालं!

मग देव. पुण्यातल्या देवांची नावं ऐकून भाविक माणूस दचकेल. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा. आता मुरलीधरानं कुणाचा खून केलेला नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी देवळापाशी चकमक झाली, माणसं मेली, असं सांगतात. गुन्हा कुणाचा आणि नाव कुणाला चिकटलं बघा. उपाशी विठोबा स्वतः उपाशी नाही. उपवासाचं व्रत भक्ताचं होतं. पासोड्या विठोबाच्या शेजारी पासोड्यांचा बाजार भरायचा. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या बनात सापडला म्हणतात. थोडक्यात, ही नावं देवाचं वर्णन करत नाहीत. देवाच्या आजूबाजूला एकेकाळी काय होतं, कोण होतं, ते सांगतात. आजूबाजूचं सगळं उठून गेलं, देव जागेवर राहिला आणि नाव त्याच्या गळ्यात राहिलं.

पेठांचं तर विचारूच नका. आठवड्याचे सातही वार या शहरात जमिनीवर पसरलेले आहेत. "मी शनिवारी रविवारात येतो" हे वाक्य पाहुण्याला वेड लावेल, पण पुणेकराला त्यात काहीही खटकत नाही. का? इथे मराठीची एक सुंदर करामत आहे. वार काळाचा असेल तर आपण म्हणतो 'शनिवारी'. वार जागेचा असेल तर 'शनिवारात'. हा नियम कुठल्या परिषदेत ठराव करून केलेला नाही. शहराला गरज पडली आणि भाषेनं मुकाट्यानं सोय करून दिली. आणखी एक. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या. मी स्वतः नारायण पेठेत राहतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं "मी नारायणात राहतो" हे फार मोठं विधान आहे. त्यासाठी लोक जन्मभर साधना करतात. पुण्यात ते भाडेकरूही सहज करतो. (हशा)

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, दहा मिनिटांत परत बाहेर पडू.

ज्या नावाचा अर्थ वस्तूला लागू पडत नाही, ते नाव चुकीचं म्हणायचं का? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रश्न घेतला आहे. त्यांचं उदाहरण डार्टमथ या गावाचं. इंग्लंडमध्ये डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमथ. मिल म्हणतात, समजा उद्या वाळूनं नदीचं मुख बुजलं किंवा भूकंपानं नदीचा प्रवाह दूर गेला, तरी गावाचं नाव बदलेलच असं नाही. म्हणजे 'मुखाशी असणं' हा त्या नावाचा अर्थ नाही. ते नाव ठेवण्याचं फक्त निमित्त होतं. विशेषनाम ही एक खूण आहे, वर्णन नाही. मिलसाहेब पुण्यात आले असते तर त्यांना डार्टमथपर्यंत जावं लागलं नसतं. लकडी पुलावर उभं राहून काम झालं असतं.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. न्यायशास्त्रात शब्दांचे प्रकार सांगितले आहेत. 'पाचक' म्हणजे शिजवणारा. अवयवांवरून अर्थ कळतो, म्हणून यौगिक. 'घट' हा शब्द फोडून काही मिळत नाही, तो रूढ. आणि 'पंकज' योगरूढ. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला कुणी पंकज म्हणत नाही. कमळालाच म्हणतात. लकडी पुलाचा प्रवास या यादीतून झालेला आहे. पेशवाईत तो खरोखर लाकडी होता, तेव्हा नाव यौगिक होतं. पूल दगडी झाला, नाव रूढ झालं. आणि रूढी ही व्युत्पत्तीपेक्षा बलवान, असं आपले शास्त्रकार मानत आले आहेत. तेव्हा कुणी पुणेकर "लकडी पूल म्हणजे लकडी पूल" असं तिरसटपणे म्हणाला, तर तो उद्धट असेल, पण शास्त्राला धरून आहे!

पण मिल यांनी एक प्रश्न तसाच सोडला. नावाला अर्थ नाही, ती नुसती खूण आहे, तर ती खूण टिकते कशाच्या जोरावर? याचं उत्तर सॉल क्रिप्के या अमेरिकन तत्त्वज्ञानं दिलं. १९७० च्या जानेवारीत प्रिन्स्टनला त्यांनी तीन व्याख्यानं दिली. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. हातात लिहिलेला कागद नव्हता; टेपवरून शब्दांकन झालं आणि त्याचं पुढे पुस्तक झालं. हे ऐकून आपलं शब्दांकन करणाऱ्या मंडळींना हुरूप यावा. त्यांचं म्हणणं साधं आहे. कधीतरी कुणीतरी नाव ठेवतं, जसं बारसं. मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातं. अशी साखळी तयार होते. नाव बरोबर वापरायला तुम्हाला त्या वस्तूबद्दल काही खरं माहीत असण्याची गरज नाही. तुम्ही साखळीत असलात की झालं. डुल्या मारुती का डुलला हे मला माहीत नसलं तरी मी रिक्षावाल्याला सांगतो आणि तो मला बरोबर नेतो, कारण त्यालाही ते नाव कुणीतरी दिलेलं आहे.

या साखळीनं पुण्यातलं एक कोडं सुटतं. सरकारी नावं काही ठिकाणी चिकटत का नाहीत? लकडी पूल कागदावर संभाजी पूल आहे. अलका टॉकीजचा चौक कागदावर टिळक चौक आहे. दोन्ही नावं केवढी आदराची! पुणेकरांचा त्यांच्याबद्दलचा आदर कमी नाही. पण त्या पुलावरून रोज हजारो माणसं जातात आणि रोज हजारदा जुनं नाव हातातून हातात जातं. साखळी एक दिवसही थांबत नाही, मग नवी कडी घालायची कुठे? उलट भांबुर्डे बघा. भांबुर्डे म्हटलं तर आज कॉलेजातली मुलं विचारतील, कुठल्या तालुक्यात? तेच आजचं शिवाजीनगर. तिथे सरकारी नाव पक्कं बसलं. माझा आपला अंदाज असा, की तिथे रेल्वे स्टेशन, कॉलेजं, कचेऱ्या यांच्यामुळे बाहेरून येणारी माणसं इतकी वाढली, की जुनं नाव हातात देणारे थोडे आणि नवं नाव घेऊन येणारे फार, असं झालं. म्हणजे नाव टिकणं हा पुणेकरांच्या हट्टाचा प्रश्न नाही. कोण कुणाला सांगतं, याचा प्रश्न आहे.

आणि इथेच माझी ती हकिगत येते.

शनिवारवाड्याजवळ नदीवर जो पूल आहे, त्याला आपण काय म्हणतो? (श्रोत्यांतून : नवा पूल!) बरोबर. नवा पूल. कागदावर शिवाजी पूल. तो बांधला १९२३ मध्ये. शंभरी उलटली, तरी नवा! त्याच्यानंतर नदीवर किती पूल झाले. झेड पूल झाला. भिडे पूल झाला, जो दरवर्षी पाण्याखाली जातो आणि ज्यावरून पुणेकर पाऊस मोजतात. धरणातून किती क्युसेक सोडले हे सांगू नका, भिडे पूल बुडाला का तेवढं सांगा. पण नवा पूल एकच.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातली रात्र. साडेअकराच्या सुमाराला आमच्या हिच्या छातीत कळ आली. घाम, श्वास लागलेला. मी रुग्णवाहिकेला फोन केला. पाच मिनिटांत चालकाचा फोन, "काका, कुठून येऊ?" मी म्हणालो, "शिवाजीनगरकडून येतोयस ना? नव्या पुलावरून ये, नारायणात शीर, पत्र्या मारुतीच्या अलीकडचा बोळ." एका दमात सांगितलं. माझ्या मते याहून स्पष्ट पत्ता असूच शकत नाही.

तो मुलगा औशाकडचा. पुण्यात येऊन चार महिने झालेले. तेव्हा नदीपात्रात मेट्रोचे खांब नुकतेच उभे राहत होते. त्यानं विचार केला, काका नवा पूल म्हणतायत, म्हणजे हाच असणार. पावसात, अंधारात तो नदीकाठानं वर-खाली नवा पूल शोधत राहिला. मला पुन्हा फोन केला, "काका, नवा पूल तर अजून चालू झालेला दिसत नाही." आणि मी काय केलं असेल? मी ओरडलो, "अरे, नवा पूल माहीत नाही तुला?"

पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी शेजारचा मुलगा स्कूटरवर गेला आणि त्याला घेऊन आला. पुढचं सगळं नीट झालं. आमची ही इथे पहिल्या रांगेत बसलेली आहे, आणि "फार तिखटमीठ लावू नका" असं तिनं घरून निघतानाच बजावलंय. (हशा) पण ती पंधरा-वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. दोन दिवसांनी त्या मुलाचे आभार मानायला फोन केला. तो म्हणाला, "काका, एक विचारू? शंभर वर्षांच्या पुलाला जुना म्हणायला तुमचं काय जातं?"

मी हसलो, पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की विशेषनामाला अर्थ नसतो, साखळी असते. आणि ऐन वेळी मी अशा माणसाला विशेषनाम दिलं जो साखळीत नव्हता. त्यानं शब्दाचा अर्थ घेतला. नवा म्हणजे नवा. नवख्यानं दुसरं काय करायचं? तो पूर्ण बरोबर होता. वर मी त्याच्यावर ओरडलो. "माहीत नाही तुला?" या वाक्यात आपल्याला मोठी गंमत वाटते, पुणेरी बाणा वगैरे वाटतो. पण ते वाक्य साखळी तोडतं. समोरच्यानं हात पुढे केलेला असतो, आणि आपण नाव त्याच्या हातात देण्याऐवजी मुठीत धरून ठेवतो.

म्हणून नावं बदला असं मी म्हणणार नाही. खुन्या मुरलीधराला शांत मुरलीधर केलं तर कुणाचंही भलं होणार नाही. ही नावं म्हणजे या गावाची आठवण आहे. बागा होत्या, तळं होतं, पासोड्यांचा बाजार होता, हे आज दुसरं कोण सांगतंय? १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं. माझ्या वयाचे लोक अजूनही "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असं बोलतात, साल सांगत नाहीत. आमच्यानंतर तेही कुणाला कळणार नाही. आठवण सांगितली तरच टिकते. आणि ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच ती पुन्हा पुन्हा सांगून टिकत नाही. ज्याला माहीत नाही त्याला सांगावी लागते.

मी आता माझ्यापुरता एक नियम केला आहे. पत्ता विचारणाऱ्याला आधी डोळ्यांना दिसेल ते सांगायचं. "शनिवारवाड्याजवळचा दगडी कमानींचा पूल." मग म्हणायचं, "आम्ही त्याला नवा पूल म्हणतो." आणि त्याला वेळ असेल तर, का म्हणतो तेही. एवढ्यानं तो साखळीत आला. पुढच्या खेपेला तोच दुसऱ्या कुणालातरी सांगेल, आणि बहुधा ओरडून सांगेल. तेव्हा तो पुणेकर झाला असं समजायला हरकत नाही. (हशा, टाळ्या)

तो चालक अजून भेटतो. परवा त्याच्या गाडीवर एक नवीन मुलगा मदतनीस म्हणून आला होता. त्याला तो सांगत होता, "हे बघ, ह्यो नवा पूल. लई जुना आहे."