चढ, पट्टा आणि रोलर

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले असून, तेथून वर जाणारे दोन मुख्य रस्ते, म्हणजे इगतपुरीकडे नेणारा कसारा घाट आणि ओतूर-जुन्नरकडे नेणारा माळशेज घाट, थोड्या अंतरात कित्येकशे मीटरची उंची गाठतात. कसारा ते इगतपुरी या टप्प्यात रेल्वेमार्गाचा चढ ३७ ला १ इतका असल्यामुळे अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात आणि या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. रस्त्यावरच्या दुचाकीला ही सोय नाही. तानसा धरणाकडून आटगाव स्थानकाला येणारा, किन्हवलीहून भेंडीच्या गोणी बाजारात नेणारा किंवा टोकावड्यापुढे माळशेज चढून जुन्नरच्या पाहुण्यांकडे निघालेला मनुष्य बहुधा आठेक अश्वशक्तीच्या बिनगिअरच्या स्कूटरवर असतो. तिच्यात जादा ताकद जोडता येत नाही. असलेली ताकद चाकापर्यंत कोणत्या प्रमाणात पोचवायची, एवढेच ठरवता येते, आणि ते ठरवणारे यंत्र गाडीच्या डाव्या बाजूच्या झाकणाखाली असते. त्या यंत्राला व्हेरिएटर म्हणतात.

‘बिनगिअरची’ हा शब्द रूढ असला तरी तो फसवा आहे, कारण या गाडीत गिअर नसतात असे म्हणण्यापेक्षा ते अगणित असतात असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. इंजिनाच्या दांड्यावर एक आणि मागच्या चाकाच्या बाजूला एक अशा दोन पुली असतात व त्या दोहोंवरून रबरी पट्टा फिरतो. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची बनलेली असून तबकड्यांच्या आतल्या बाजू उतरत्या असतात. त्यामुळे तबकड्या एकमेकींजवळ आल्या की पट्टा कडेकडे वर सरकतो आणि दूर गेल्या की मध्याकडे खाली बसतो. पुढच्या पुलीच्या सरकत्या तबकडीमागे सहा लहान रोलर ठेवलेले असतात. धातूच्या गाभ्यावर नायलॉनचे कवच चढवलेला हा रोलर सर्वसाधारणपणे १० ते २० ग्रॅमचा, म्हणजे बोराएवढा असतो. इंजिन मंद फिरत असताना रोलर दांड्यापाशी बसून राहतात, पुढचा पट्टा खोल व मागचा कडेला असतो आणि गाडी जणू पहिल्या गिअरमध्ये असते. फेऱ्या वाढल्या की गोफणीतल्या दगडाप्रमाणे रोलर बाहेर फेकले जातात, तिरक्या खाचेतून वर चढताना तबकडीला रेटतात आणि पुढचा पट्टा कडेला येतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे मागच्या पुलीला आपल्या स्प्रिंगविरुद्ध उघडावेच लागते.

मागच्या पुलीत स्प्रिंगखेरीज आणखी एक युक्ती असते, ती म्हणजे तिच्या दोन तबकड्यांना जोडणाऱ्या नळीवर कापलेली तिरकी खाच. चढ लागला, चाकावर भार आला की दोन्ही तबकड्या एकमेकींच्या मानाने किंचित पिळल्या जातात, खाचेतील खिळ्यामुळे त्या पिळाचे दाबात रूपांतर होते, मागचा पट्टा कडेला उचलला जातो आणि पुढचा आपोआप खोल ओढला जातो, म्हणजेच गाडी स्वतःहून खालच्या गिअरमध्ये येते. पुढची पुली इंजिनाच्या फेऱ्या मोजते आणि मागची पुली चाकावरचा भार मोजते. या दोघींच्या ओढाताणीतून जे प्रमाण ठरते, त्या प्रमाणावर गाडी चालते. नीट जुळलेल्या स्कूटरचा आवाज घाटात जवळजवळ एकसुरी राहतो आणि वेग मात्र चढानुसार कमी-जास्त होतो, ही बारीकशी गोष्ट लक्ष देऊन ऐकणाऱ्याला हे सारे यंत्र समजावून देण्यास पुरेशी आहे.

या एकसुरी आवाजाची पट्टी कोणती असावी हा खरा प्रश्न होय. ११० सीसीच्या स्कूटरची कमाल ताकद साडेसात ते आठ हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्याच्या निम्म्या फेऱ्यांना ताकदही जवळपास निम्मीच असते. गाडी, दोन माणसे आणि एखादे गाठोडे धरून वजन २७० किलो मानले आणि दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरचा वेग ठेवायचा म्हटले, तर केवळ वजन वर उचलण्यात सुमारे साडेतीन अश्वशक्ती खर्च होते. वाऱ्याचा विरोध आणि पट्ट्यातील घसरण वेगळी. इंजिनात एवढी ताकद निश्चित आहे, परंतु ती देण्याइतक्या फेऱ्यांवर त्याला राहू दिले तरच. रोलर जड असतील तर ते लवकर बाहेर फेकले जातात, गाडी घाईने वरच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिन कुंथू लागते. रोलर हलके असतील तर इंजिन अधिक फेऱ्यांवर राहते. फेकला जाण्याचा जोर वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १५ ग्रॅमचे रोलर काढून साडेतेरा ग्रॅमचे घातले, म्हणजे वजन दहा टक्क्यांनी घटवले, तर जो बदल पूर्वी ६,००० फेऱ्यांवर होत असे तो आता सुमारे ६,३०० फेऱ्यांवर होतो. दीड ग्रॅमने तीनशे फेऱ्या सरकतात, हे प्रमाण ध्यानात ठेवले तर या कामात सोनाराचा काटा का लागतो ते कळते.

गॅरेजात येणारी तक्रार मात्र अशा भाषेत येत नाही. ‘चढाला ओढत नाही’, ‘डबलसीट बसलं की दम सोडते’, ‘पिकअप गेला’ अशा शब्दांत ती येते आणि पहिला संशय प्लग, एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर यांवर घेतला जातो. डावे झाकण शेवटी उघडते. उघडल्यावर बहुधा काळी रबराची भुकटी आणि एका बाजूने चपटे झालेले रोलर दिसतात. चपटा रोलर गडगडत नाही, घासत सरकतो आणि मध्येच अडकतो, त्यामुळे गाडी ना धड खालच्या गिअरला येते ना वरच्या. पट्टाही झिजून अरुंद होतो आणि अरुंद पट्टा त्याच जागी खोल बसत असल्याने सारे प्रमाण बिघडते. तो व्हर्निअरने मोजून कंपनीने दिलेल्या किमान रुंदीशी ताडून पाहिला, तर अंदाजपंचे काम करावे लागत नाही. हलके रोलर टाकण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो, परंतु झिजलेल्या पट्ट्यावर हलके रोलर घालणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून औषध बदलण्यासारखे आहे. शिवाय मुरबाडहून कल्याणला रोज सपाटीवरून जाणाऱ्याला हलक्या रोलरचा उपयोग थोडा आणि पेट्रोलचा भुर्दंड रोजचा. ‘वर हवा पातळ म्हणून गाडी ओढत नाही’ हे स्पष्टीकरणही माळशेजपुरते फारसे टिकत नाही, कारण सातशे मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी असते. घाटातला शत्रू चढ आहे, हवा नव्हे.

हे यंत्र महाराष्ट्राच्या रस्त्यांवर तुलनेने उशिरा आले. पट्टा आणि सरकत्या तबकड्यांची ही रचना नेदरलँड्समधील हब व्हॅन डोर्ने यांनी १९५८ च्या डाफ ६०० या लहान मोटारीत व्हेरिओमॅटिक या नावाने यशस्वी करून दाखवली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कायनेटिकच्या लुनाला आपोआप जुळणारा क्लच होता, पण गिअरचे प्रमाण एकच. म्हणून चढावर तिला पायडलचा हात, किंबहुना पाय, द्यावा लागे. त्याच सुमाराची बजाज चेतक डाव्या मुठीने गिअर बदलत घाट चढे आणि चढावर चुकून न्यूट्रल पडले की मागे बसलेल्याने खाली उतरायचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. १९८४ मध्ये फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून कायनेटिक होंडा आली आणि बटनस्टार्टबरोबर व्हेरिएटर भारतीय मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. पुढे २००१ पासून ॲक्टिव्हाने तो खेडोपाडी नेला.

या यंत्राची कसोटी लागते ती मात्र बर्फात. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्की-डू हे बर्फावर चालणारे लहान वाहन विकायला काढले. मागे रबरी साखळपट्टा, पुढे दोन स्की आणि मध्ये स्वार अशा या वाहनाला भारतात स्नो स्कूटर म्हणतात. गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकांना ते परिचित असते आणि सियाचिनच्या हिमनदीवर सैन्यही ते वापरते. स्कूटर हे नाव येथे नकळत अगदी बरोबर पडले आहे, कारण दोन्ही वाहनांतील शक्तिवहन एकाच कुळातले आहे. फरक एवढाच की आपल्या स्कूटरमध्ये चाकाला जोडणारा क्लच मागे वेगळा असतो, तर स्नो स्कूटरमध्ये पुढची पुलीच क्लचचे काम करते: इंजिन मंद असताना तबकड्या इतक्या दूर असतात की पट्टा सैल पडून राहतो आणि तीन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या की त्या मिटून त्याला पकडतात. म्हणून बर्फातले कारागीर ‘क्लच जुळवणे’ म्हणतात तेव्हा त्यांना हे सारे यंत्र अभिप्रेत असते. रोलरच्या जागी तेथे बिजागरीवर झुलणाऱ्या वजनदार बाह्या असतात, ज्यांना फ्लायवेट म्हणतात, आणि मागच्या तिरक्या खाचेला हेलिक्स हे नाव आहे.

डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फात विरोध क्षणोक्षणी बदलतो आणि हवा खरोखरच पातळ असते. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशांच्या आसपास राहते आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढ्याच प्रमाणात उतरते. यावर उतारा म्हणजे टर्बोचार्जर. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या झोतावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची, अशी ही योजना आहे. उत्तर अमेरिकेतील डोंगरी स्वार अनेक वर्षे बाहेरून टर्बोचे संच घेऊन बसवत आले. कारखान्यातूनच टर्बो बसवलेली पहिली दोन-स्ट्रोक स्नो स्कूटर स्की-डूने २०२० च्या मॉडेलात दिली आणि सुमारे २,४०० मीटर उंचीपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवण्याचा दावा केला.

बाहेरून टर्बो बसवणाऱ्याचे काम नळ्या जोडल्याने संपत नाही. हवा वाढली की त्या प्रमाणात इंधन वाढवावे लागते, ठिणगी किंचित उशिरा द्यावी लागते आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे लागते. नाही तर दाबलेले मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. हे सगळे जमले तरी गाडी डोंगर चढेलच असे नाही. ताकद वाढलेले इंजिन जुन्या वजनांच्या बाह्यांना जुमानत नाही, कमाल ताकदीच्या फेऱ्या ओलांडून नुसते किंचाळत राहते आणि पट्टा जागीच घासतो. म्हणून बाह्या जड कराव्या लागतात. पण टर्बोचा दाब चढायला क्षणभर वेळ लागत असल्यामुळे त्या क्षणी जड बाह्या इंजिनाचा गळा धरतात. कारागीर मग एकूण वजनाबरोबर ते बाहीवर कोठे आहे याचाही विचार करतो: बिजागरीजवळचे वजन आरंभी काम करते आणि टोकाचे वजन वेग चढल्यावर, म्हणून छोट्या रिव्हेटांनी वा स्क्रूंनी ग्रॅम-दोन ग्रॅम इकडचे तिकडे केले जाते. प्रत्येक बदलानंतर तीच चढण, शक्य तर तसाच बर्फ आणि फेऱ्यांच्या काट्यावर नजर. एका वेळी एकच बदल करायचा हा नियम सांगायला सोपा आहे. थंडीत बोटे गारठलेली असताना दोन गोष्टी एकदम बदलण्याचा मोह आवरणे तेवढे सोपे नाही.

पट्ट्यावर काय बेतते याची कल्पना एका हिशोबाने येते. १६५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १२३ किलोवॉट. पट्टा घसरून त्यातील पाचच टक्के वाया गेले तरी सहा किलोवॉट उष्णता त्या रबरात उतरते. शहापूर-मुरबाडमधली स्कूटर घाटात सगळा जीव एकवटून जेवढी ताकद देते, तेवढी येथे केवळ पट्टा तापवण्यात जाते. म्हणून बर्फातले स्वार झाकणाखालच्या तापमानाचा मापक लावतात, जादा पट्टा सोबत बाळगतात आणि नवा पट्टा आधी सावकाश चालवून मुरवून घेतात.

भारतातील रस्त्यांवर टर्बोची असली हौस कायद्यालाही मानवत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. रोलरच्या वजनाची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, आणि घाटाखालच्या गॅरेजातील सुधारणेची धाव बहुधा तेवढीच असते.

चढाइतकाच उतारही या यंत्राचे स्वरूप उघड करतो. माळशेजहून मुरबाडकडे उतरताना मूठ पूर्ण सोडली की इंजिनाच्या फेऱ्या पडतात आणि वेग एका मर्यादेखाली आला की मागच्या क्लचचे शू आपल्या स्प्रिंगांनी आत ओढले जातात; त्या क्षणी इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटून गाडी मोकळी धावू लागते. गिअरच्या गाडीवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या भरवशावर उतरण्याची सवय असलेल्याला हे पहिल्यांदा दचकवते. पावसाळ्यात धबधब्यांचे पाणी रस्त्यावरून वाहत असते, ब्रेक ओले झालेले असतात, आणि सरावलेला स्वार अशा वेळी उतारावरही मूठ किंचित पिळतो, जेणेकरून शू पुन्हा ड्रमला चिकटतील आणि इंजिन थोडे तरी मागे ओढेल.