फळझाडांची कुळकथा (भाग ६) : डाळिंबाचा उसना हिवाळा

चांदवड, देवळा, सटाणा या पट्ट्यात डाळिंबाला बहर हवा असेल, तर आधी बागेचं पाणी तोडतात. ‘बाग ताणावर सोडली’ असं म्हणायचं. हलक्या, मुरमाड रानात महिनाभराचा ताण पुरतो, भारी जमिनीत जास्त लागतो. पानं पिवळी पडली की इथ्रेल फवारून उरलीसुरली गाळायची, हलकी छाटणी करायची, खतं भरायची आणि मग पाणी सोडायचं. थोड्याच दिवसांत नवी फूट येते आणि तिच्यामागून लालभडक कळी.

हा खटाटोप कशासाठी, हे कळायला झाडाचं माहेर पाहावं लागतं. डाळिंब मूळचं इराण आणि त्याच्या आसपासच्या मुलखातलं. तिथं थंडीत ते पानं गाळून झोपी जातं आणि वसंतात फुलतं. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही. मोकळं सोडलं तर ते वर्षभर हिरवं राहतं, चार फुलं आत्ता, चार नंतर, आणि तोडणीला एकसारखा माल कधीच मिळत नाही. म्हणून चांदवडचा शेतकरी तहानेचा हिवाळा घडवतो. पुस्तकात ‘बहार नियोजन’ एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मते परक्या झाडाला आपल्या ऋतूत बसवण्याची ही फार हुशार युक्ती आहे.

माणसानं डाळिंब जवळ केलं त्याला पाचेक हजार वर्षं झाली. जेरिकोच्या कांस्ययुगीन थरांत त्याचे अवशेष सापडले आहेत; तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथं इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बुडालेल्या जहाजावरही ते होतं. झोहारी आणि स्पीगल-रॉय या अभ्यासकांनी १९७५ साली एक नेमकी गोष्ट दाखवली. अंजीर, द्राक्ष, ऑलिव्ह, डाळिंब, खजूर ही फळं आधी लागवडीत आली, कारण फांदी रोवली किंवा बुडाचं पिल्लू काढून लावलं की आईसारखंच झाड मिळतं. सफरचंद, नाशपातीला डोळा किंवा कलम बांधण्याची विद्या लागते, म्हणून ती मागून आली. आजही आपल्याकडे डाळिंबाची फांदी सोलून, ओलं शेवाळ बांधून गुटी धरतात. तत्त्व तेच.

बियांपासून मात्र सगळी झाडं सारखी निघत नाहीत, आणि त्याचाही फायदा झाला. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात डॉ. चीमा यांनी १९३६ साली ‘आळंदी’ वाणातून एक मऊ बियांचं झाड निवडलं. त्याला १९७० मध्ये ‘गणेश’ हे नाव मिळालं. दाणे मऊ, पण फिके. मग गडद लाल दाण्यांच्या, कडक बियांच्या रशियन ‘गुल-ए-शाह रेड’शी त्याचा संकर झाला. त्या संकराच्या पुढच्या पिढीतून राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ‘भगवा’ निवडला. बाजारात तोच कुठं शेंदरी, कुठं मस्तानी.

आता तेल्या या जिवाणूजन्य रोगाचं. डागाळलेली, तडकलेली फळं पाहिलेल्या बागायतदाराला तो समजावून सांगायची गरज नाही. रोगट झाडावर धरलेली गुटी रोपाबरोबर रोगही घेऊन येते, आणि सगळीकडे एकच वाण असल्यानं बागेमागून बाग सापडते. शिवाय इराणात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंतात; फळ वाढतं ते कोरड्या हवेत. पावसाच्या तोंडावर फुलणारा आपला मृग बहार बरोबर उलटा, फळ वाढतं ते ऐन पावसाच्या दमट हवेत.

मग ज्याचं फळ उन्हाळ्यात वाढतं तो आंबे बहार का धरू नये? नोव्हेंबर-डिसेंबरात ताण, जानेवारी-फेब्रुवारीत फूल, त्यात तेल्याचं भय कमी. पण मग मार्च ते मे पाणी द्यावं लागतं, आणि चांदवडच्या विहिरी तेव्हाच तळ गाठतात. शेततळं भरलेलं असेल तो आंबे बहार धरतो. नसेल तो मृग धरतो आणि फवारणीचा पंप खांद्याला लावतो. हस्त बहार तिसरा, पण त्याचा ताण भर पावसाळ्यात द्यायचा असतो आणि तेव्हा आभाळ ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात आंबा, आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांची कलमं.