चकत्या, पट्टी आणि नकार

सकाळी ८.३०. इनक्युबेटरमधून कालच्या प्लेटा काढते. नमुना पेरायच्या लूपमध्ये मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते, म्हणून प्लेटवर शंभर वसाहती दिसल्या तर मिलिलिटरला एक लाख जंतू. ई. कोलाय पिवळा, क्लेबसिएला बुळबुळीत. स्युडोमोनासला द्राक्षांसारखा वास येतो. प्लेट हुंगायची नाही, हा नियम असला तरी वास आपोआप कळतोच.

९.३०. परवाच्या नमुन्यांच्या सेन्सिटिव्हिटी प्लेटा. औषधाच्या चकतीभोवती जंतू किती मागे हटले, ते पट्टीने मोजायचे. महिला वॉर्डातल्या ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइनचे २१ मिलिमीटर, १७ पुरतात. सत्तर वर्षांचे हे स्वस्त औषध मूत्राशयात अजून कामाला येते, मूत्रपिंडापर्यंत संसर्ग चढला की मात्र उपयोग नाही. आयसीयूतला क्लेबसिएला थेट मेरोपेनेमच्या चकतीला भिडलेला. हे औषध फोडणारी विकरे तो बनवतो. त्यांची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर असतात आणि शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही मिळतात.

११. वॉर्डातले मामा ट्रे घेऊन येतात. कॅथेटरच्या पिशवीतून काढलेली लघवी परत. पिशवीत जंतू वाढतच असतात. नमुना नळीच्या पोर्टमधून सुईने घ्यायचा. कॅथेटरचे कापलेले टोकही परत. सिस्टर रागावतात. त्यांच्याकडे एकीला किती पेशंट, ते बघितले तर रागही कळतो.

जेवण उभ्याउभ्या.

२.३०. आयसीयू राउंड. प्रत्येक खाटेशी माझा प्रश्न एकच: हे कॅथेटर कशासाठी? पुष्कळदा उत्तर ‘सोयीसाठी’ असते. नळीच्या आत जंतू चिकट थर धरतात, औषध तिथे नीट पोचत नाही, आणि जे उरतात ते अधिक चिवट.

४.००. रिपोर्ट. साधी औषधे चालत असतील तर मेरोपेनेम कागदावर छापतच नाही. काही सर्जनना ही लपवाछपवी वाटते. वाटो! जे छापले जाते तेच लिहून दिले जाते.

५.१५. रेसिडेंटचा फोन. “मॅडम, बारा नंबरच्या आजोबांचं कल्चर पॉझिटिव्ह आहे. इंजेक्शन चालू करू?”

“ताप?”

“नाही.”

“पोटात दुखतंय? गोंधळलेत? बीपी?”

“सगळं ठीक आहे.”

“मग इंजेक्शन नको. कॅथेटरची गरज नसेल तर काढ, आणि आजोबांना लघवी होतेय का ते रात्री बघ.”