खाणीचे पाणी कोणाच्या दारात?

गावाजवळ दगडखाण प्रस्तावित झाली की चर्चा होते ती रोजगाराची आणि धुळीची. पाण्याचे कोणी विचारत नाही. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की पाणी उपसावे लागते आणि शेजारच्या विहिरी आटतात. पावसाळ्यात खाणीतली माती ओढ्यात उतरते, पात्र उथळ होते आणि पूर शिरतो तो सखल भागातल्या वस्तीत. ती वस्ती बहुधा कोणाची असते, हे वेगळे सांगायला नको.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेव्हा बांधवांनो, नुसत्या घोषणा देऊन परतू नका. लेखी विचारा : खाणीभोवती पाणी अडवणारे चर कोठे? गाळ बसवण्याचे तळे किती पावसाच्या हिशेबाने? मातीचे ढीग ओढ्यापासून किती लांब? विहिरी आटल्या तर भरपाई कोण देणार?

सुनावणीचे इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपला प्रश्न त्यात आला की नाही, हे ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका. तोंडी आश्वासन पहिल्याच पावसात वाहून जाते. कोर्टात उभी राहते ती कागदावरची अट.